कार्डावरची तारीख

२०२४च्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. न्यू जर्सीत एका प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. तिकडे भर दुपार. एवढ्या वेळी ती कधी फोन करत नाही.

"मामा, मला घरी पाठवलंय. कार्ड संपलं म्हणून."

मला आधी वाटलं, बँकेचं कार्ड. मग कळलं, ग्रीन कार्ड. तिच्या कार्डावर १४ जून २०२४ ही तारीख छापलेली होती. कचेरीतल्या संगणकानं ती तारीख उलटल्याचं दाखवलं. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं की नवं कार्ड आणून दाखवा, तोवर कामावर येऊ नका. नवं कार्ड मिळावं म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एप्रिलमध्येच अर्ज केला होता. अर्ज पोचल्याचं सरकारी पत्रही तिच्याकडे होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हिची मुदत ४८ महिन्यांनी वाढवली आहे. बाईंनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे पत्र आहे. मला कार्ड हवंय."

मी एसटीच्या आगारात २६ वर्षं काढली. त्यातली बरीच पास देणाऱ्या खिडकीमागे. विद्यार्थ्यांचे, रोज नोकरीसाठी जाणाऱ्यांचे पास. तिथला कायदा सोपा: तारीख संपली की पास संपला. कंडक्टरनं तिकीट फाडायचं. पोरगं रडो की हेडमास्तरांची चिठ्ठी दाखवो. त्यामुळे खरं सांगायचं तर पहिल्या फोनला मी मनातून त्या अनोळखी बाईंच्याच बाजूचा होतो. तारीख संपली, तर संपली. चूक कुठं आहे हे मला कळायला पुढचे चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांच्या वाचनातून हा लेख झाला.

इतिहासाचा माझा अभ्यास कुठल्या विद्यापीठातला नाही. वाईत राहतो, घाटावरच्या जुन्या माणसांकडून मोडी शिकलो, आणि गेली वीस वर्षं राहदारीचे परवाने, कौल, दस्तकं असली कागदपत्रं वाचत आलो. कोणाला कुठं राहायची आणि कुठून जायची मुभा होती, हा माझा विषय. अमेरिकेचा कायदा माझ्या अंगणातला नव्हे. पण भाचीचं पत्र वाचताना पहिल्याच ओळीत 'सशर्त' हा शब्द भेटला आणि मी अडकलो. आपल्याकडच्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी बाहेरून आलेला, कौलावर जमीन कसणारा. पीक तेच काढणार, सारा तोही भरणार, पण पाय रोवलेला नाही. तुलना फार ताणायची नाही. एवढंच की माणूस कायमचा आहे, पण अजून कायमचा नाही, ही अवस्था मला ओळखीची होती.

भाचीची अवस्था नेमकी कशी, ते आधी सांगतो. अमेरिकी नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. पण तो हक्क मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील, तर तो सशर्त असतो, दोन वर्षांपुरता. दुसरं वर्ष संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोनं मिळून 'आय-७५१' नावाचा अर्ज करायचा की आमचं लग्न खरं आहे, अट काढून टाका. सोबत पुरावे: एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, आयकराची विवरणं, फोटो. माझ्या बहिणीनं साताऱ्याहून हळदीचे, सप्तपदीचे, वरातीत नाचणाऱ्या काकांचे असे ४० फोटो स्कॅन करून पाठवले होते. त्या फोटोंची वाट पाहण्यात मार्च गेला आणि १ एप्रिलपासून अर्जाची फी ६८० डॉलरवरून ७५० झाली. त्या ७० डॉलरांवरून मायलेकींत अजून बोलणं होतं.

आता ही दोन वर्षांची अट आली कुठून?

जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५च्या डिसेंबरात अमेरिकेनं खास कायदा करून आपल्या सैनिकांच्या परदेशी बायकांना घरी आणलं. त्यांनाही असली अट नव्हती. आपल्या लोकांचा प्रश्न तेव्हा वेगळाच होता. १९१७च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार जवळजवळ बंद होतं. १९४६ साली ते किलकिलं झालं ते वर्षाला १०० माणसांपुरतं. खरं दार उघडलं १९६५च्या कायद्यानं. मग डॉक्टर गेले, इंजिनियर गेले, सत्तरच्या दशकात त्यांची गावोगाव मंडळं झाली, आणि १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. ही माणसं सुटीत पुण्या-मुंबईला येत, तीन आठवड्यांत मुली बघून, लग्न करून परत जात. पुढे नागरिकत्व घेतलेल्या मुलाची बायको तिकडे उतरली की तिला थेट कायमचं कार्ड मिळे. त्या काळी कायम वास्तव्याच्या कार्डावर मुदतीची तारीखच छापत नसत. ती छापायला लागले १९८९ पासून. ज्यांनी १९७७ ते १९८९च्या दरम्यानचं बिनतारखेचं कार्ड जपून ठेवलं, त्यांचं ते आजही चालतं.

बदल झाला १९८६च्या नोव्हेंबरात, आणि एका नव्हे, दोन कायद्यांनी. ६ नोव्हेंबर १९८६, गुरुवारी अध्यक्ष रेगन यांनी एका मोठ्या कायद्यावर सही केली. तो सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यानं पुढे सुमारे २७ लाख बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर केलं. पण त्याच कायद्यात दुसरीही एक तरतूद होती. त्या दिवसापासून कामावर घेतलेल्या प्रत्येक माणसाचे कागद नोकरी देणाऱ्यानं तपासायचे. नागरिक असो, परदेशी असो, भांडी घासणारा असो की शास्त्रज्ञ. त्यासाठी 'आय-९' नावाचा फॉर्म आला. तोवर माणूस कोण, कुठला, हे पाहणं सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याचं काम होतं. आता ते काम हॉटेलच्या मालकाकडे, कारखान्याच्या टाइमकीपरकडे आणि माझ्या भाचीच्या कचेरीतल्या बाईंकडे आलं. चुकीच्या माणसाला ठेवलं तर दंड.

पुढच्या सोमवारी, १० नोव्हेंबरला, रेगन यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. लग्नाच्या नावाखाली होणारी फसवणूक रोखण्याचा हा कायदा. दोन वर्षांची अट यातली. पहिल्याच्या गाजावाजात हा झाकोळून गेला. मी जेवढं वाचलं त्यात दोन्ही कायद्यांचं विवेचन बहुतेक वेगवेगळ्या प्रकरणांत येतं, एक बेकायदा मजुरांच्या, दुसरं कुटुंबाच्या. मला मात्र ते एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवेत असं वाटतं. कारण एका कायद्यानं नोकरी देणाऱ्याला तारखा पाहायला लावलं आणि चारच दिवसांनी दुसऱ्यानं हजारो नवविवाहितांच्या कार्डावर तारीख घातली. माझ्या भाचीला ३८ वर्षांनी घरी पाठवलं गेलं ते या दोन कायद्यांच्या सांध्यावर.

दुसऱ्या कायद्यामागचा आकडाही पाहण्यासारखा आहे. अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे १९८५च्या जुलैत सुनावणी झाली. तेव्हाच्या इमिग्रेशन खात्यानं सांगितलं की लग्नाच्या आधारे केलेल्या अर्जांतले ३० टक्के खोटे असावेत. जवळजवळ तीनात एक! कोणाही खासदाराला घाम फुटेल असा आकडा. तो सगळीकडे छापून आला, कायदा झाला. पुढे १९९० साली उत्तर कॅरोलिनातल्या फेडरल न्यायालयात याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाविरुद्ध खटला चालला. त्यात उघड झालं की ३० टक्के हे सिद्ध झालेल्या फसवणुकीचं प्रमाण नव्हतंच. काही मोजक्या शहरांत अधिकाऱ्यांना पहिल्या पाहणीत जिथं नुसता संशय आला, तीही प्रकरणं त्यात मोजली होती. खोटी लग्नं होतच नव्हती असं मी म्हणत नाही. होत होती, आजही होतात, पैसे घेऊन लावून देणारे दलाल सगळीकडे असतात. पण संशयाची मोजणी करून तिला गुन्ह्याची मोजणी म्हणणं ही लबाडी आहे. आगारात आम्ही बनावट पास पकडायचो तेव्हा वरिष्ठांना संशयितांचा आकडा आणि पकडलेल्यांचा आकडा असे दोन रकाने भरून द्यावे लागत. वॉशिंग्टनला एकच रकाना होता.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वेळापत्रकही होतं. कायद्याचं कलम सांगतं की अर्ज आल्यापासून ९० दिवसांत मुलाखत घ्यावी आणि मुलाखतीनंतर ९० दिवसांत निकाल द्यावा. म्हणजे सारं सहा महिन्यांत मिटावं. तसं झालं असतं तर मुदत संपलेलं कार्ड आणि न आलेलं कार्ड यांच्यामधला काळ फार थोडा राहिला असता. प्रत्यक्षात अर्जांचे ढीग साचत गेले. अर्ज पोचल्याचं पत्र आणि त्यातच मुदतवाढ, ही त्यावरची पळवाट. आधी ही वाढ १२ महिन्यांची असे. २०१८च्या जूनमध्ये ती १८ महिन्यांची केली. २०२१च्या सप्टेंबरात २४ महिन्यांची. २०२३च्या जानेवारीत ४८ महिन्यांची. दोन वर्षांच्या कार्डाला चार वर्षांचं शेपूट! ज्या लग्नाची परीक्षा दोन वर्षांत व्हायची, त्याच्या उत्तरपत्रिका तपासायला सरकार चार वर्षं मागून घेतं. त्याच्या आत जोडप्याला मुलं होतात, घर घेतलं जातं. लग्न टिकलं तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्जही करता येतो, आधीचा अर्ज पडून असला तरी.

या मधल्या काळात काम करायचा हक्क असतो की नसतो? भाचीच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे, आणि माझी चूकही.

माझ्या पासाच्या खिडकीवर हक्क पासातच होता. पास नाही तर हक्क नाही. ग्रीन कार्डाचं तसं नाही. काम करण्याचा हक्क कार्डातून येत नाही, तो दर्जातून येतो, आणि कार्ड हा त्या दर्जाचा फक्त पुरावा. अमेरिकी नियमावलीत कायम रहिवासी 'सशर्त असो वा बिनशर्त' काम करण्यास मुखत्यार आहे असं एकाच दमात म्हटलं आहे. आणि पुढे स्पष्ट केलं आहे की कार्डावर छापलेली मुदत एवढंच सांगते की कार्ड नवं करून घ्यायला हवं. धारकाचा काम करण्याचा अधिकार संपला असा तिचा अर्थ नाही. दुसऱ्या एका नियमात आहे की अर्ज रीतसर दाखल झाला की निकाल लागेपर्यंत सशर्त दर्जा आपोआप चालू राहतो. हे दोन नियम मी तीन वेळा वाचले, शब्दकोश घेऊन वाचले. तारीख संपते ती प्लॅस्टिकच्या तुकड्याची.

मग कचेरीत दाखवायचं काय? आय-९ फॉर्मला तीन याद्या जोडलेल्या आहेत. पहिलीतला एक कागद ओळख आणि कामाचा हक्क दोन्ही सिद्ध करतो. पासपोर्ट किंवा चालू ग्रीन कार्ड त्यात. दुसरी यादी फक्त ओळखीची, वाहन परवान्यासारखी. तिसरी फक्त कामाच्या हक्काची. मुदत संपलेलं सशर्त कार्ड अधिक मुदतवाढीचं पत्र ही जोडी तिसऱ्या यादीत बसते. सोबत वाहन परवाना दिला की झालं. कोणता कागद द्यायचा हे कामगारानं ठरवायचं, मालकानं नव्हे. पत्र हरवलं किंवा त्याचीही मुदत सरली तर सरकारी कचेरीत जाऊन पासपोर्टवर तात्पुरता शिक्का मारून घेता येतो. हे झालं नव्यानं नोकरीला लागणाऱ्याचं. भाचीचं प्रकरण तर त्याहून सोपं होतं. ती २०२२ सालीच नोकरीला लागली होती, चालू कार्ड दाखवून. अशा माणसाचे कागद पुन्हा तपासायचेच नसतात! नोकरी देणाऱ्यांसाठीच्या सरकारी पुस्तिकेत तसं लिहिलं आहे, आणि त्यात सशर्त रहिवाशांचा उल्लेखही आहे. म्हणजे मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी तो प्रश्न विचारायलाच नको होता.

त्या बाई दुष्ट होत्या असं मला वाटत नाही. त्यांना दंडाची भीती होती. ही भीती १९८६ सालीच काहींनी ओळखली होती. मालकाला दंड लावला की तो रंगानं, नावानं, उच्चारानं परकी वाटणारी माणसं टाळेल, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. म्हणून त्याच कायद्यात भेदभावाविरुद्ध तरतूद घातली आणि न्याय खात्यात एक स्वतंत्र कार्यालय उघडलं. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयानं मार्च १९९०मध्ये अहवाल दिला. पाहणीतल्या सुमारे १० टक्के मालकांनी या कायद्यामुळे मूळ देशाच्या आधारे भेदभाव सुरू केल्याचं त्यात निघालं. ही कबुली मालकांनी स्वतःच दिली होती. त्याच वर्षीच्या कायद्यानं मग जास्तीचे किंवा विशिष्टच कागद मागणं हाही भेदभावाचा प्रकार ठरवला. न्याय खात्यातल्या त्या कार्यालयाचं नाव पुढे बदललं, पण ते आजही आहे आणि कामगारांसाठी त्याची दूरध्वनी सेवाही आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं असं वाटत असेल तर तसं नाही. मी वाचेपर्यंत उशीर झाला असता. तिला एका मैत्रिणीनं त्या कार्यालयाचा नंबर दिला. तो लावायला तिला नऊ दिवस लागले. कारण एकच, 'आपण तक्रार केली आणि अर्जावर परिणाम झाला तर?' दहाव्या दिवशी तिनं फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यानं कचेरीला फोन करून नियम समजावून दिला. सोळाव्या दिवशी ती कामावर परत गेली. ते सोळा दिवस कचेरीनं तिच्या रजेतून वळते केले. माफी मागितली का, असं मी विचारलं. "मामा, बाईंनी केक आणला होता," ती म्हणाली. "पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता."

इथवर लिहून मी थांबणार होतो. या विषयावरच्या माझ्या टिपणांची गोष्ट आमच्या वाचनालयात काही जणांना ठाऊक होती. दिवाळीनंतर एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. गावातल्या खाजगी शाळेत २८ वर्षं मराठी शिकवलेल्या. माझ्या धाकट्या भावालाही त्या होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही तेच म्हणतो. पिशवीतून त्यांनी एक जुनं पाकीट काढलं आणि पाकिटातून एक कार्ड.

"अहो, हे बघा. तुम्ही जे शोधताय ते हेच का?"

तेच होतं. बाईंचा पंचविशीतला फोटो, बोटाचा ठसा, आणि मुदतीची तारीख: फेब्रुवारी १९९०.

त्या कधी अमेरिकेत होत्या हे मला तोवर माहीत नव्हतं. गावात फारसं कुणालाच नसावं. १९८७ साली पुण्यात लग्न झालं, मुलगा इंजिनियर, तिकडचा नागरिक. १९८८च्या फेब्रुवारीत त्या ओहायोत उतरल्या. तिथं त्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करत, पगार नवऱ्याच्या खात्यावर जाई. बाकीचं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, ते मी लिहिणार नाही. कार्डाची गोष्ट मात्र लिहायला त्यांनी परवानगी दिली. जेवणात मीठ कमी पडलं, फोन जास्त वेळ चालला, की नवरा म्हणे, "सही करायची की नाही ते बघू." कारण अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. एकाची सही नसेल तर अर्जच नाही, आणि अर्ज नाही तर दोन वर्षांनी दर्जा संपला.

१९८६च्या कायद्यात सहीशिवायचे दोन रस्ते होते. एक, हद्दपार झाल्यास अतोनात हाल होतील हे सिद्ध करायचं. दोन, लग्न खऱ्या भावनेनं केलं होतं, पण सबळ कारणासाठी आपणहून मोडावं लागलं, हे दाखवायचं. शब्द नीट पाहा: आपणहून. नवऱ्यानं घटस्फोट दिला तर हा रस्ता बंद. बायकोनं कोर्टात जायचं, कारण सिद्ध करायचं. २५-२६ वर्षांच्या, गाडी न चालवणाऱ्या, हातात पैसा नसलेल्या मुलीनं ओहायोत वकील गाठायचा. मारहाण हे कारण म्हणून कायद्यात कुठं लिहिलेलंच नव्हतं. खोट्या बायका पकडायला निघालेल्या कायद्यानं खऱ्या बायकांच्या गळ्यातली दोरी नवऱ्याच्या हातात दिली, हे तो करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी त्यांनी फार मनावर घेतलं नाही.

ध्यानात आलं ते अशा बायकांच्या मदतीला धावणाऱ्यांच्या. न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची अमेरिकेतली पहिली संस्था सुरू झाली होती. १९८९ साली न्यूयॉर्कला 'सखी' निघाली. अशा संस्थांकडे, निवाऱ्यांकडे, वकिलांकडे येणाऱ्या कहाण्यांत नवऱ्याच्या सहीचा धाक वारंवार येई. न्यूयॉर्कच्या खासदार लुईस स्लॉटर यांनी संसदेत तो विषय लावून धरला. २९ नोव्हेंबर १९९० रोजी अध्यक्ष बुश (थोरले) यांनी सही केलेल्या कायद्यात नवी सवलत आली. लग्न खरं होतं आणि जोडीदारानं मारहाण किंवा अतोनात छळ केला, तर एकटीच्या सहीनं अर्ज करता येईल. घटस्फोट कुणी मागितला ही अटही गेली. तरी पुढच्याच वर्षीच्या नियमांनी मानसिक छळाला तज्ज्ञाच्या प्रतिज्ञापत्राची मेख मारून ठेवली. ती १९९४च्या स्त्रियांवरील अत्याचारविरोधी कायद्यानं उपटली. कोणताही विश्वासार्ह पुरावा चालेल, असं त्यानं सांगितलं. अशा एकटीच्या अर्जालाही तेच मुदतवाढीचं पत्र मिळतं, आणि अर्ज चालू असेपर्यंत नोकरीही करता येते. मला या साऱ्यात हे फार मोलाचं वाटतं. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईला आधी लागतो तो पगार.

हे मी बाईंना त्यांच्याच पद्धतीनं, फळ्यावर लिहावं तसं कागदावर लिहून दाखवलं. एका बाजूला त्यांची तारीख, दुसऱ्या बाजूला कायद्याची. फेब्रुवारी १९९०मध्ये मुदत संपायच्या आधी दहा दिवस एका कन्नड कुटुंबानं तिकीट काढून दिलं आणि त्या परत आल्या. तेव्हा त्यांचं वय २७. माहेरच्यांनी लोकांना काय सांगितलं, ते लोकांना ठाऊक. त्यांनी डी.एड. केलं, नोकरी धरली, पुन्हा लग्न केलं नाही. परत येताना कार्ड त्यांच्याकडे कुणी मागितलंही नाही.

"म्हणजे नऊ महिने," बाई कागदाकडे बघत म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो. नऊ आणि थोडे दिवस."

"आणि त्या नऊ महिन्यांत मी तिथंच राहिले असते तर?"

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. मुदत उलटून गेली असती, दर्जा संपला असता, स्वयंपाकघरातलं काम गेलं असतं. नव्या सवलतीपर्यंत टिकून राहिल्या असत्या का, कुणाच्या घरी, कशाच्या जोरावर? मी म्हटलं, "बाई, सांगता येत नाही." त्यांनी मान हलवली. शाळेत मुलानं खरं उत्तर दिलं की हलवायच्या तशी.

मग त्यांनी भाचीची चौकशी केली. तिचा अर्ज अजून पडूनच आहे, मुलाखत नाही, निकाल नाही. पत्राची मुदत २०२८च्या जूनपर्यंत आहे. ती रोज कामावर जाते आणि पत्राची एक प्रत पर्समध्ये, एक गाडीत, एक कचेरीतल्या खणात ठेवते. मूळ प्रत तिच्या आईनं सांगितल्याप्रमाणे देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. बाई हसल्या. म्हणाल्या, "नवरा कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "त्यानं सही त्याच दिवशी केली."

"तरी तिला ते एकटीचं कलम सांगून ठेवा," बाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड पाकिटात घातलं, पाकीट पिशवीत घातलं, आणि जाता जाता माझ्या कागदावरची २९ नोव्हेंबर १९९० ही तारीख स्वतःच्या छोट्या वहीत उतरवून घेतली. वार कोणता होता, असं त्यांनी दारातून विचारलं. मी जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. गुरुवार होता.